डावा हातमोजा

किल्ली बनवणाऱ्याकडे लोकांनी जरा संशयाने बघावं, हे एक वेळ समजू शकतं. कुणाचंही दार उघडू शकणारा माणूस तो! पण या किल्लीवाल्याची तऱ्हाच उलटी. त्यालाच साऱ्या जगाचा संशय. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान. दुकान कसलं, एक शटर, किल्ली घट्ट धरायचा एक शिकंजा, किल्ल्या कापायचं मशीन आणि भिंतभर लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "खात्री काय?" म्हणून गल्लीने त्यांचं नाव पाडलं खात्रीकाका. तोंडावरच म्हणायचे सगळे. काकांना त्यात काही वावगं वाटत नसे.

एकदा पलीकडच्या इमारतीतली एक बाई धावत आली. दार वाऱ्याने लागलं, किल्ली आत, गॅसवर दूध. काका हत्यारांची पिशवी घेऊन गेले, दारासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "घर तुमचंच कशावरून?"

"अहो काका, पायात चप्पल नाही माझ्या! दूध उतू जातंय!"

"ते ठीक आहे. आत गेल्यावर पहिलं काय दिसेल?"

बाईने कपाळावर हात मारला. "चपलांचं कपाट. त्यावर नवऱ्याचं हेल्मेट. लाल!" मग काकांनी कुलूप उघडलं, स्वतः आत डोकावले, लाल हेल्मेट डोळ्यांनी पाहिलं आणि मगच बाजूला झाले. दूध तोवर शेगडीभर झालं होतं. बाईने पैसे दिले, वर दोन शब्दही सुनावले. काकांनी पैसे मोजून घेतले. चुकीच्या माणसाला दार उघडून दिलं नाही, एवढं त्यांना पुरे होतं.

त्यांचा दुसरा नियम याहून कडक. किल्ली घराबाहेर गेली की कुलूप बदलायचं. भाडेकरू गेला, बदला. कामवाली सोडून गेली, बदला. किल्ली हरवून सापडली, तरी बदला, कारण मधल्या वेळात ती कुणाच्या हाताला लागली होती कुणास ठाऊक. यात राग नाही, लोभ नाही. जेवण झालं की ताट घासतो, तसं हे.

अशा माणसाला पन्नाशीला टेकताना व्हिडिओ गेमचा नाद लागला, हे गल्लीत सांगितलं असतं तर लोक हसून लोळले असते. त्यांनी सांगितलंच नाही.

झालं असं होतं. काकांची बायको गेली तेव्हा लेक बारा वर्षांची. घरात उरली दोन माणसं आणि दोघांनाही बोलायचं कसं ते कळेना. "जेवलीस?" "हो." संपलं. वर्षभराने घर हलवणाऱ्या एका गिऱ्हाइकाने जुनं गेमचं मशीन काकांच्या गळ्यात मारलं, सोबत एकच गेम, 'काजळगड'. आपण एक वाटसरू व्हायचं, गावोगाव हिंडायचं, माणसांशी बोलायचं, लढायचं, कुणाला मदत करायची ते आपणच ठरवायचं. लेक संध्याकाळी खेळायची, काका दुकानात असताना. काका दुपारी एक ते चार शटर ओढून घरी येत तेव्हा खेळायचे, लेक शाळेत असताना. वाटसरू मात्र दोघांत एकच. म्हणून करार झाला. जिथून उचलला तिथेच आणून उभा करायचा, तोंडसुद्धा त्याच दिशेला. आणि सरायेतल्या खोलीत एक पेटी होती, तिच्यात एकमेकांसाठी वस्तू ठेवायच्या.

त्या पेटीवर घर चाललं म्हणा ना. परीक्षेच्या आधी काका तिच्यासाठी बळ वाढवायचा काढा ठेवत. काकांची कंबर धरली की पेटीत मलमपट्टी. आणि भांडण झालं तर ज्याला आधी मिटवावंसं वाटेल त्याने पेटीत डावा बूट ठेवायचा. नुसता डावा. त्या गेममध्ये बूट सुटे सुटे मिळायचे. समोरच्याने उजवा आणून ठेवला की भांडण मिटलं. 'माफ कर' हा शब्द त्या घरात दहा वर्षांत कुणी उच्चारला नाही. लागलाच नाही.

मग लेक चोविसाची झाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला नोकरी लागली आणि ती म्हणाली, मैत्रिणींबरोबर तिकडेच खोली घेते. काका म्हणाले, कोण मैत्रिणी, खात्री काय त्यांची? झालं! शब्दाने शब्द वाढला. "तुमचा माझ्यावरच विश्वास नाही," असं म्हणून ती बॅग घेऊन गेली. "आणि तो गेमही तुम्हीच खेळत बसा." घराची किल्ली तिच्या पर्समध्ये तशीच राहिली.

तिसऱ्या आठवड्यात ती स्वेटर न्यायला आली. दारातून दुकानात फोन केला. "बाबा, किल्ली लागत नाहीये."

काकांच्या समोर गिऱ्हाईक, मशीनवर किल्ली. ते सहज म्हणाले, "लागणार कशी? कुलूप बदललंय. थांब, अर्ध्या तासात येतो." अर्ध्या तासाने गेले तर जिन्यात कुणी नव्हतं. फोनवर तिचा निरोप आला होता, "माझ्यासाठी कुलूप बदललंत?" आणि या शहाण्या माणसाने काय उत्तर पाठवावं? "किल्ली बाहेर गेली की बदलतात. नियम आहे." अरे देवा! त्यानंतर दोन वर्षं फोन नाही, निरोप नाही. स्वेटर दाराजवळच्या खुंटीवरच लटकत राहिला.

आता मूळ गोष्ट. पहिला गेम घरात आल्यावर बारा-तेरा वर्षांनी 'काजळगड'चा दुसरा भाग आला. चौकातल्या गेमवाल्याने काकांना थांबवून सांगितलं. काकांनी डबा उलटसुलट करून पाहिला. "बनवणारे तेच आहेत कशावरून?"

"नाव तेच आहे ना, काका."

"नाव काय, कुणीही छापतं."

शेवटी गेमवाला वैतागून म्हणाला, "दहा दिवस खेळा. नाही पटला तर कारण सांगून परत करा, पैसे देतो." हे काकांच्या मनासारखं झालं. त्यांनी एक वही घेतली. वर लिहिलं, 'काजळगड दोन: संशयास्पद बाबी'. आणि पहिल्याच दुपारी पान भरलं.

एक, कुलूप. पहिल्या गेममध्ये कुलूप उघडणं म्हणजे कुलूप उघडणं होतं. आतल्या पिना एकेक करून वर जायच्या, हातातला कंट्रोलर बारीक थरथरायचा, शेवटची पिन बसली की टक् असा आवाज. काकांनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांना वाटलं होतं, हे बनवणारा आपल्यातलाच कुणीतरी आहे. दुसऱ्या भागात? बटण दाबून धरा, एक गोल भरतो, कुलूप उघडतं. "ही काय पाण्याची मोटर आहे?" काका टीव्हीवर ओरडले.

दोन, दारं. नकाशा चौपट मोठा, शहरं झगमगीत, पण निम्मी दारं नुसती रंगवलेली. पहिल्यात गाव इवलंसं होतं पण प्रत्येक दार उघडायचं, आत कुणीतरी भाकरी थापत असायचं नाहीतर खोकत पडलेलं असायचं. तीन, लंगडा सैनिक. वाटसरूचा जुना सोबती. दुसऱ्या भागात तो टुणटुणीत चालतो. पाय कधी बरा झाला, कुणी केला, कुणी अवाक्षर काढत नाही. काकांनी त्याला शेजारी उभा करून गेममधले तीन दिवस निरखलं. हा तोच कशावरून? पुढे, दुकानदारीण. पहिल्यात तिला विकलेली वस्तू महिन्याने गेलात तरी फळीवर असायची. इथे रोज सकाळी सगळा माल नवा. आणि नवव्या क्रमांकावर, जरा दाबून लिहिलेलं, 'बूट जोडीनेच मिळतात. सुटा बूट नाही.'

एक गोष्ट मात्र त्यांना नाइलाजाने चांगली म्हणावी लागली. जुना खेळ नव्यात जसाच्या तसा आला होता. तोच वाटसरू, कपाळावर तोच व्रण, सरायेत तीच पेटी. मध्ये मशीन बदललं तेव्हा लेकीनेच काहीतरी खातं वगैरे उघडून सगळं त्यात चढवलं होतं. काकांनी तेव्हा फक्त "हं" म्हटलं होतं.

चौथ्या दुपारी त्यांच्या मनात पाल चुकचुकली. गेम खेळलेले तास दाखवतो. काकांच्या वहीत नोंद सात तासांची, गेम म्हणतो नऊ. पेटी उघडली तर आत तीन मलमपट्ट्या. काकांनी ठेवलेल्या नव्हत्या. वाटसरू मात्र पुलावर, जिथे सोडला होता तिथेच, तोंड नदीकडे.

आता तुम्हाआम्हाला कळलं असतं. पण ज्याला जन्मभर चोरच दिसले त्याला दुसरं काय दिसणार? काकांनी पहिल्यांदा घराचं कुलूप तपासलं. भिंग लावून. एक ओरखडा नव्हता. मग दाराच्या फटीत दोरा चिकटवून गेले. दुसऱ्या दुपारी दोरा जागच्या जागी, आणि गेमचे तास पुन्हा दीडने वाढलेले! पेटीत यावेळी काढा. म्हणजे चोर दारातून येतच नव्हता. मग संशय गेला वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरवाल्यावर. तो जिन्यात भेटला की उगाचच हसायचा. काकांनी त्याला अडवलं.

"तुम्ही दुपारच्या आधी घरी असता?"

"असतो. का हो?"

"सहज. मलमपट्टी वगैरे लागते का कधी?"

तो बिचारा बघतच राहिला आणि त्या दिवसापासून त्याने हसणं बंद केलं. काकांनी तेही वहीत लिहिलं.

चोर होता मोठा सराईत. प्रत्येक वेळी वाटसरू जागच्या जागी, नदीकडे तोंड करून. काका मनातल्या मनात दादही देत होते. सातव्या दुपारी पेटीत काय, तर एक हातमोजा. जुनाट, चामड्याचा, डाव्या हाताचा. उजव्याचा पत्ता नाही. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या पेटीत आता कचराही टाकायला लागले! त्यांनी तो हातमोजा उचलला, बाजारात नेला आणि दुकानदारणीला दोन नाण्यांना विकून टाकला. वहीत एकविसावी नोंद झाली. तिथून तडक गेमवाल्याकडे.

"माझ्या गेममध्ये कुणीतरी शिरतंय."

गेमवाल्याने विचारलं, "खात्याचा पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे? तो असला की कुठल्याही मशीनवरून शिरता येतं."

"कुणालाही नाही. मलासुद्धा नाही."

"मग तो बदलूनच टाकू." त्याने फोनवर काकांचं खातं उघडलं, खटाखट काही दाबलं, काकांच्या फोनवर आलेला नंबर टाकला. "नवा टाका." काकांनी त्याला पाठ फिरवायला लावून स्वतः टाकला. "आणि आत जे कुणी असेल त्याला सगळ्या मशीनवरून बाहेर काढू का?"

"काढा," काका म्हणाले. "एकूण एक काढा. चांगली अद्दल घडू दे."

बोट टेकलं, काम झालं. आठव्या दुपारी पेटीत काही नव्हतं. नवव्या दुपारीही नाही. तास बरोबर जुळले. काकांना समाधान वाटायला हवं होतं. पण पेटी उघडली की रिकामी, हे काही त्यांना बरं वाटेना. त्यांनी दोनदा उघडून पाहिली.

दहावा दिवस. गेम परत करायचाच असं ठरवून काका वही घेऊन गेमवाल्यासमोर बसले आणि एकेक दोष वाचायला लागले. गेमवाला दुसरीकडे बघत हं हं करत होता.

"नऊ. बूट जोडीनेच मिळतात. सुटा बूट नाही."

"हं."

"... एकवीस. पेटीत कुणीतरी एकच डावा हातमोजा टाकून गेलं."

"तो दोष नाही, काका," गेमवाला म्हणाला. "या भागात हातमोजेच तेवढे सुटे मिळतात. दोन्ही हातांत वेगळी हत्यारं धरता येतात ना, म्हणून. दुसरी कुठलीच वस्तू अशी डावी-उजवी नाही. तुम्हाला एकटी डावी वस्तू हवी असेल, तर तेवढाच एक हातमोजा आहे अख्ख्या गेममध्ये."

काका पुढे वाचेनात. त्यांचं बोट एकविसाव्या ओळीवर होतं ते हळूच नवव्या ओळीवर गेलं आणि परत आलं. मलमपट्टी. काढा. नदीकडे तोंड. ज्या बटणाला ते 'एकूण एक काढा' म्हणाले होते ते त्यांच्या डोळ्यांसमोर आलं.

"काय झालं? पाणी देऊ?"

"ते परत करता येईल?" काकांनी वही मिटत विचारलं.

"करू ना. आज शेवटचा दिवस आहे. डबा आणलाय?"

"गेम नाही हो! कुलूप! बदललं ते पूर्वीसारखं करता येईल?"

"येईल की. जुना पासवर्ड सांगा, तोच परत टाकतो."

जुना पासवर्ड काकांना कुठे माहीत होता? तो लेकीने ठेवला होता. जन्मभर दुसऱ्यांच्या किल्ल्या बनवणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरातली ती एक किल्ली कधी विचारलीच नव्हती. दोन वर्षांनी पोर दाराशी आली, आपल्या किल्लीने आत आली, दोन वेळा काहीबाही ठेवून गेली, शेवटी डावा हातमोजाही ठेवला. आणि बापाने काय केलं? हातमोजा विकला आणि कुलूप बदललं. पुन्हा!

घरी जाऊन त्यांनी आधी मशीन लावलं. दुकानदारणीच्या फळीवर हातमोजा नव्हता, सगळा माल नवा. काकांनी तिला अशी शिवी दिली की लिहायची सोय नाही. मग गेममधल्या लोहाराकडून उजव्या हाताचा हातमोजा घेतला आणि पेटीत ठेवला. ठेवला, पण बघणार कोण? जिने बघायचा ती बाहेर.

साडेतीन वाजले होते. ते दुकानात गेले. शटर अर्धंच वर केलं. भिंतीवरून एक कोरी किल्ली काढली, स्वतःच्या खिशातली घराची किल्ली मशीनला लावली, नवी कापली. कानशीने कडा मारल्या, अंगठ्याने तपासली. घाईत एक दात जरा उंच राहिला, तो त्यांना दिसला नाही. एक बाई कुलूप घेऊन आली तर "उद्या" म्हणाले. बाई चाट पडली, कारण काका गिऱ्हाईक परत पाठवत नसत. किल्लीला नेहमीसारखी पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. गिऱ्हाइकाचं नाव लिहायच्या जागी त्यांनी नवा पासवर्ड लिहिला.

तिच्या खोलीचा पत्ता, तिनेच जाण्याआधी लिहिलेला, दोन वर्षं फ्रिजच्या दारावर चिकटवलेला होता. तो त्यांनी कधी वापरला नव्हता आणि काढलाही नव्हता. दोन बस बदलून, तीन जिने चढून ते त्या दारापाशी आले. सवयीने आधी कुलपाकडे पाहिलं. हलकं होतं, दोन मिनिटांत उघडलं असतं. त्यांनी बेल दाबली.

"कोण?" आतून तिचा आवाज.

"मी."

दाराला लागूनच आवाज आला, "मी कोण? खात्री काय?"

"डावा हातमोजा मी विकला, पोरी. मला वाटलं चोर आहे."

"विकलात?"

"दोन नाण्यांना."

दार साखळीएवढं उघडलं. लेक वाळली होती, की त्यांनाच तसं वाटलं. ती हसत नव्हती. "दोन दिवस मी आत जायचा प्रयत्न करत होते. मला वाटलं, तुम्हाला कळलं मी आहे, म्हणून मुद्दाम काढलंत."

"नाही गं. मला कळलंच नाही. कळत नाही मला." एवढं बोलून त्यांनी किल्ली पुढे केली. "ही घराची. चिठ्ठीवर त्या गेमचं आहे. उजवा ठेवलाय पेटीत. तेव्हाही मी तुझ्यावर संशय म्हणून कुलूप बदललं नव्हतं. सवयीने बदललं. पण तू जिन्यात उभी होतीस आणि मी गिऱ्हाइकाची किल्ली घासत बसलो. ते माझं चुकलं. माफ कर."

त्या घरातला हा पहिलाच 'माफ कर'. दोघांनाही तो ऐकून अवघडल्यासारखं झालं.

तिने किल्ली लगेच घेतली नाही. फटीतून त्यांच्याकडे बघत राहिली, अगदी त्यांच्यासारखीच, डोळे बारीक करून. मग विचारलं, "आत गेल्यावर पहिलं काय दिसेल?"

"तुझा स्वेटर," काका म्हणाले. "खुंटीवरच आहे."

फटीतून हात आला आणि किल्ली आत गेली. "बघते," ती म्हणाली, आणि दार लागलं.

बघते म्हणजे काय? येते की बघते? काका बसमध्ये तोच विचार करत होते. पुढचे आठ दिवस त्यांनी शटर पाचलाच ओढलं. पेटीतला उजवा हातमोजा जागचा हलला नव्हता, तास वाढत नव्हते. चिठ्ठी हरवली असेल का? किल्ली फेकून दिली असेल? 'बघते' हे तिने नुसतं बोळवण करायला म्हटलं असेल? आणि मग मनात यायचं, किल्ली घराबाहेर आहे. दोन वर्षं न बोललेल्या माणसाच्या हातात आहे. नियमाप्रमाणे कुलूप बदलायला हवं. एकदा त्यांनी नवं कुलूप हातात घेतलंसुद्धा. मग ते परत खोक्यात टाकलं आणि खोकं फळीच्या सगळ्यात वर ठेवलं.

नवव्या दिवशी, उन्हं कलताना, जिन्यात पावलं वाजली. काका खुर्चीत ताठ झाले. वरच्या मजल्यावरचा असेल. दूधवाला असेल. पावलं दाराशी थांबली. कुलपात किल्ली शिरली आणि अडकली.

काकांनी कान टवकारले. पहिली पिन वर गेली, दुसरी गेली, तिसरीपाशी अडत होती. दात उंच राहिला होता. आपल्या हातचं काम त्यांनी बरोबर ओळखलं. बाहेर कुणीतरी किल्ली काढली, फुंकर मारली, परत घातली. उठून दोन पावलं टाकली असती तर आतून दार उघडता आलं असतं. हात खुर्चीच्या दांड्यावर गेलाही. पण ते उठले नाहीत. तिला किल्ली दिली होती, तिनेच उघडायला हवं होतं.

किल्ली पुन्हा फिरली. टक्.